केदारनाथाच्या आधी तोरणमाळ

प्रकाशा, ८ जानेवारी १९६१, रविवार

आज चावडीसमोर चार माणसांत सुपडूनानांनी मला विचारले, "काय याही, केदारनाथले येतस का?" चहाला बोलवावे तसे. सुपडूनाना माझे व्याही. त्यांची रंजना माझ्या हिलालला दिली आहे. मी देवाच्या वाटेला जात नाही हे त्यांना पक्के ठाऊक. हिलालची आई गेली तेव्हापासून तर मी देवळातल्या घंटेलासुद्धा हात लावलेला नाही. म्हणजे तो प्रश्न नव्हता, चिमटा होता. मी म्हटले, "येस ना!" सगळे हसले. मी नाही हसलो, कारण आपण काय बोललो ते मलाच उशिरा कळले.

आता घरी येऊन शांतपणे विचार केला. देवाशी माझे भांडण नाही; ओळखच नाही. पण बर्फाचा डोंगर बघायची हौस आहे. बर्फ मी आजवर फक्त नंदुरबारच्या एका लग्नात सरबतात पाहिला, त्यालाही लाकडाचा भुसा लागलेला होता. पावणेबारा हजार फुटांवर म्हणे तो असाच पडलेला असतो, फुकट.

रंजना म्हणाली, "आबा, केदारेश्वर तर आपला घाटवरच शे. इतलं लांब कसाले?"

मी म्हटले, "घाटावरचा मला चांगला ओळखतो. म्हणूनच लांबच्याकडे जातो."

१५ जानेवारी

उदेसिंग आला. हा केदारनाथच्या पंड्यांचा माणूस. दर हिवाळ्यात गंगाजलाच्या बाटल्या घेऊन तापीकाठची गावे फिरतो. यंदा तो परत जाताना इथूनच एक संघ घेऊन जाणार आणि स्वतः वाट दाखवणार. बुटका, गोरा, गालांवर लाली, डोक्यावर लोकरीची टोपी. सुपडूनानांच्या ओसरीवर बसून त्याने आम्हाला तासभर घाबरवले. गुप्तकाशीच्या पुढे मोटार विसरा. वाट खेचराच्या रुंदीची, एका बाजूला नदी, वर दम लागतो, डोके दुखते, माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. "पहाड़ मज़ाक नहीं है, सेठ," असे तो माझ्याकडेच बघून का म्हणाला कळले नाही. त्याच्या अटी अशा: डॉक्टरने तपासलेले असावे, रोज चालावे, आणि निघण्याआधी एखादा खरा डोंगर चढून दाखवावा. आपल्याकडे खरा डोंगर म्हणजे तोरणमाळ.

संघाचे पुढारी अर्थात सुपडूनाना. मग त्यांचे दोन चुलतभाऊ, त्यांच्या बायका, मी. आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, धनुबाई. त्या अमळनेरकडच्या पाटलांच्या. लहान वयात नवरा गेला, मग नर्सिंग शिकल्या. गावातली अर्धी पोरे त्यांच्या हातावर जन्मलेली. त्या कशाला येतात मी विचारले नाही. मला काय करायचे आहे? उंच आहेत, चालताना हात फारसे हलवत नाहीत, मनगटावर घड्याळ बांधतात आणि हसू आले की आधी खाली बघतात. एवढेच लक्षात आले.

२ फेब्रुवारी

नंदुरबारच्या बाजारातून मिलिटरीचे जुने बूट आणले. हिलाल म्हणाला, पायांना होतील का बघून घ्या. मी म्हटले, एवढी लढाई जिंकून आलेले बूट आहेत, पायच त्यांना होतील. झाले नाहीत. टाचेला लिंबाएवढा फोड.

दवाखान्यात गेलो. धनुबाईंनी बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "चुनीलालभाऊ, हाई बूट तुमना नई शे. कोनी मरेल सोजीरना शे. तो आते परत मांगी ऱ्हायना." मग फोड कापला. दुखले, पण मी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. त्या म्हणाल्या, "बोंबलू नका, भाऊ, बाहेर बाळंतीण शे."

एक गोष्ट. त्या मला 'भाऊ' म्हणतात. सगळे गावच म्हणते, माझे काही म्हणणे नाही. पण दर वाक्याला म्हणायची गरज नाही.

१० फेब्रुवारी

रोज पहाटे तापीच्या वाळूत चालतो. वाळूत चाललो की डोंगर सोपा जातो, असे उदेसिंगचे म्हणणे. धनुबाईही त्याच वेळी येतात. वाळू तापायच्या आत चालायचे तर सगळ्यांची वेळ तीच असणार, त्यात विशेष नाही. मी नदीवर जाताना दवाखान्याकडून जातो. थोडे लांब पडते, पण तिकडे कुत्री कमी.

सुपडूनाना चालत नाहीत. म्हणतात, देव बोलावतो तेव्हा पाय आपोआप उचलतात. बाकी मंडळींचेही पाय बोलावण्याची वाट बघत आहेत.

११ फेब्रुवारी

दवाखान्याजवळ आज तीन कुत्री मागे लागली. नवी दिसतात.

२० फेब्रुवारी

काल सगळे रेल्वेने चिंचपाड्याला जाऊन आलो, मिशनच्या दवाखान्यात छाती तपासायला. डबा रिकामाच होता. धनुबाई खिडकीशी होत्या. मी सहज विचारले, तुम्हाला हा डोंगर कशाला हवा? पुण्यासाठी?

"पुण्य नई, भाऊ. बठ्ठा जनम बायास्ले सांगी ऱ्हायनू, लाव जोर, लाव जोर. एकदाव मन्हाकरता लाई देखसू."

सुपडूनानांच्या चुलतभावांच्या बायकांनी पदर तोंडाला लावला. मी खिडकीबाहेर बघितले. पळसाला फुले आली आहेत.

डॉक्टरांनी एकेकाला स्टुलावर चढउतार करायला लावले. सुपडूनानांनी पोट आत ओढून धरले होते. डॉक्टर म्हणाले, श्वास घ्या, आणि पोट परत जागेवर आले. माझी छाती, नाडी, सगळे ठीक. फक्त तंबाखू बंद. मग डॉक्टरांनी धनुबाईंकडे पाहून मला विचारले, "आणि ह्या तुमच्या मंडळी ना? त्यांचीही तब्येत उत्तम आहे."

सुपडूनाना जोरात खोकले. धनुबाई म्हणाल्या, "मी नर्स शे," आणि खाली बघितले. डॉक्टरांनी माफी मागितली. मी म्हटले, त्यात माफी कसली. चांगला माणूस आहे. गडबडीत काम करावे लागते बिचाऱ्याला.

१२ मार्च

तंबाखू सोडून तीन आठवडे होत आले. सगळ्या गावावर चिडून झाले, आता घर सुरू केले आहे. केळीला पाणी देणाऱ्या सालदारावर ओरडलो, तर तो म्हणाला, शेठ, तुम्ही डोंगरावर जाच.

धनुबाईंनी तंबाखूऐवजी बडीशेप दिली. ती मी खातो. रंजनाने बडीशेप दिली होती तेव्हा घशात अडकली होती. ही वेगळी असावी.

२५ मार्च

उद्या तोरणमाळ. उदेसिंगने सांगितले, तिकडे घालायचे कपडे आताच घालून चढा, म्हणजे अंगाला सवय होईल. त्याला आपला मार्च माहीत नाही. तो दरवर्षी होळीच्या आत हिमालयात पळतो. यंदा संघासाठी थांबला आहे आणि दिवसातून तीनदा तापीत बसतो.

२८ मार्च

सविस्तर लिहितो. गावात जे चालू आहे ते ऐकता कुठेतरी खरे लिहिलेले असावे.

शहाद्यापर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी, आणि मग पायथ्यापासून पायवाट. सुपडूनानांनी स्वेटर, मफलर, कानटोपी, दोन पायमोजे असा सगळा हिमालय अंगावर चढवला होता. पहिल्याच वळणावर ते दगडावर बसले. म्हणाले, गुडघा. दुसऱ्या वळणावर म्हणाले, दोन्ही गुडघे. तिसरे वळण त्यांनी पाहिले नाही. चुलतभाऊ त्यांना सावरायला थांबले, बायका चुलतभावांना सावरायला, आणि सगळे एकमेकांना सावरत गाडीपाशी परत गेले.

उरलो उदेसिंग, धनुबाई आणि मी. अर्ध्या घाटात उदेसिंगचे गाल लालाचे जांभळे झाले. मग तो वाटेवरच ओकला आणि आडवा पडला. बर्फातून माणसे काढणारा माणूस, आमच्या चैत्राने एका सकाळीत झोपवला! धनुबाईंनी त्याची लोकरीची बंडी उतरवली, डोके मोहाच्या सावलीत ओढले. जवळच एक पावरा बाई मोहाची फुले वेचत होती, मीनाबाई. तिचे घर हाकेवर. तिने पाण्याची घागर आणली, मग ताक. धनुबाईंनी ओले फडके त्याच्या मानेखाली ठेवले, नाडी धरून बसल्या, मला वारा घालायला लावले. बराच वेळ त्याने डोळे उघडले नाहीत. मला खरोखर भीती वाटली. एवढ्या लांबचा माणूस, आपल्या हौसेपायी इथे मरायचा.

शेवटी तो पुटपुटला, "सेठ, हमारा पहाड़ पहाड़ है. आपका पहाड़ तवा है."

धनुबाई म्हणाल्या, वाचला. मीनाबाई त्यावर काहीतरी बोलून हसली. तिचे पावरी बोलणे मला निम्मे कळले नाही, हसणे पूर्ण कळले.

उदेसिंगला तिच्या घरी सावलीत ठेवले. तोच म्हणाला, तुम्ही दोघे वर जा, नाहीतर मी नेणार नाही. म्हणून आम्ही गेलो. मार्गदर्शकाचे ऐकावे लागते.

चढताना मी धनुबाईंना कापसाच्या जाती समजावून सांगत होतो. त्या म्हणाल्या, "बोलानं बंद करा, मंग चढा." पुढच्या वळणापर्यंत मी ते पाळले. मग त्यांनीच हिलालच्या आईविषयी विचारले. कशी होती? मी सांगू लागलो. ती गेल्यापासून तिच्याबद्दल मला कोणी विचारलेच नव्हते; सगळे फक्त चुकचुकतात. ती पत्त्यांत लबाडी करायची, हे मी सांगितले. वाटेत बऱ्याचदा दम घ्यायला थांबलो. दम मलाच लागला होता, पण घाम पुसायला दोघांना थांबावे लागले. डोळ्यांतसुद्धा घाम गेला.

वर पोचलो. एवढे मोठे तळे डोंगराच्या डोक्यावर! वारा गार. धनुबाईंनी पाय पाण्यात सोडले आणि मोठ्याने हसल्या, ह्या वेळी खाली न बघता. मी म्हटले, बर्फ नाही. त्या म्हणाल्या, "नसू द्या."

उशीर झाला. अंधारात तो घाट कोणी उतरत नाही, अस्वले आहेत. गोरखनाथाच्या देवळाजवळ मुक्काम केला. त्या आत बायकांत झोपल्या, मी ओट्यावर दोन गोसाव्यांच्या मध्ये. एक गोसावी घोरत होता आणि दुसरा त्याला शिव्या देत होता. सकाळी खाली आलो तर उदेसिंग मीनाबाईच्या अंगणात बसून तिसरी भाकर खात होता. एवढेच घडले.

दिवसभरात त्यांनी एकदाही 'भाऊ' म्हटले नाही. घाईत असतील.

५ एप्रिल

गाव पेटले आहे. सुपडूनानांनी गुडघ्याची गोष्ट झाकायला आमची गोष्ट काढली. पाणवठ्यावर तीच, सलूनमध्ये तीच. दवाखान्यात आज बायका कमी आल्या म्हणे. हे वाईट. माझे काय, मी म्हातारा बैल. पण त्यांची नोकरी आहे, वरिष्ठांकडे तक्रार गेली तर बदली होईल.

हिलाल जेवताना म्हणाला, "आबा, गावमां तोंड दाखाडाले जागा नई ऱ्हायनी."

मी म्हटले, "तू कशाला दाखवतोस? गेलो मी होतो."

तो ताटावरून उठला. माझ्यासमोर तो आजवर असा उठला नव्हता.

९ एप्रिल, रविवार

सुपडूनानांच्या ओसरीवर बैठक झाली. संघातून नर्सबाईंचे नाव काढायचे, असे ठरवूनच सगळे बसले होते. एकटी बाई आणि एकटा बाप्या तीर्थाला बरोबर नकोत, तीर्थ बाटते. उदेसिंग कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. एवढ्यात धनुबाई स्वतःच आल्या. बायकांकडे गेल्या नाहीत, पायरीशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मन्हं नाव काढानं तर मन्हा तोंडवर सांगा."

कोणी सांगेना. जो तो जोडे शोधू लागला. सुपडूनाना म्हणाले, "बाई, आमले कायी नई. पन लोकं काय म्हनतीन?"

माझे डोके फिरले. तंबाखू असती तर फिरले नसते. मी उभा राहून ओरडलो, "मग लग्नच करतो ना मी ह्यांच्याशी! म्हणजे तुमचा केदारनाथ बाटणार नाही! मग तर चालेल?"

सुपडूनानांचे तोंड उघडे राहिले. हिलाल दाराशी उभा होता, तो निघून गेला.

धनुबाईंनी माझ्याकडे पाहिले. "माले इचारानी ही रीत शे का?" एवढे म्हणाल्या आणि गेल्या.

मी सुपडूनानांना गप्प केले होते. त्या माझ्यावर का रागावल्या, समजत नाही.

१४ एप्रिल

चालणे बंद आहे. नदीवर जावेसे वाटत नाही. पाय दुखत नाहीत, टाच बरी आहे, तरी बरे वाटत नाही. उदेसिंगला म्हटले, मी येत नाही. तो म्हणाला, "ऊँचाई तो अभी आई नहीं, सेठ, और चक्कर आ गया?"

हिलाल माझ्याशी बोलत नाही. दुपारी रंजना आली. एरवी ही पोरगी माझ्यासमोर चार शब्द बोलत नाही. म्हणाली, "आबा, धोतर बदला अन् दवाखानामां जा."

"मला काही झालेले नाही."

"तीन महिना व्हयनात, भाकर खातांना बी तुमना तोंडमां नर्सबाईनं नाव ऱ्हास."

"नर्सबाईंचे नाव मी कधी घेतले?"

"आते लिधं ना."

मी म्हटले, तुझे वडील काय म्हणतील? ती म्हणाली, "मन्हा बाप ना, त्याले मी देखी लेसू. तो तिसरं वळन बी चढना नई."

ती गेल्यावर ही डायरी पहिल्यापासून वाचून काढली. रंजना वाढवून सांगते.

थोडेच वाढवून सांगते.

१५ एप्रिल

धुतलेले धोतर नेसून दवाखान्यात गेलो. देवी टोचायचा दिवस होता. बाकावर लेकुरवाळ्या ओळीने बसलेल्या, त्यांच्या शेवटी मी बसलो. दोघी उठून पुढे जा म्हणाल्या. मी म्हटले, नाही, मी नंबराने जाईन. खरे म्हणजे पाय उचलत नव्हते.

माझा नंबर आला. धनुबाई सुई ठेवून म्हणाल्या, "काय व्हयनं?"

मी घरून वाक्य तयार करून आणले होते. ते कुठे गेले देव जाणे. "तुमले इचारानं शे," एवढेच निघाले. मग बाकीचे एका दमात बोललो. "त्या दिवशी मी ओरडलो, ते चुकलो. आता विचारतो. रागाने नाही. तुम्ही नसलात तर मला डोंगरही नको आणि नदीकाठही नको. तुमच्याबरोबर चालायचे आहे. कुठेही."

त्यांनी बराच वेळ घड्याळ सारखे केले. मग म्हणाल्या, नोकरी सोडणार नाही. मी म्हटले, कबूल. सुपडूनानांसमोर डोक्यावर पदर घेणार नाही. मी म्हटले, अति कबूल. "अन् चढवर तुमनी वाट देखाव नई."

इथे मी जरा घासाघीस केली. तेव्हा बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "हो म्हन रे बाबा, मन्हा नातूले ताप यी ऱ्हायना!" मी हो म्हटले.

धनुबाई म्हणाल्या, "बरं." मग दाराकडे बघून, "दुसरं कोन शे? पुढे या."

मी घरी आलो तरी चप्पल दवाखान्यातच राहिली होती.

३० एप्रिल, रविवार

घाटावर केदारेश्वराच्या देवळात लग्न झाले. भटजी आधी नाही म्हणत होते. त्यांच्या तिन्ही सुनांची बाळंतपणे धनुबाईंनी केली आहेत, त्या तिघींनी त्यांना हो म्हणायला लावले. माझ्या बाजूने रंजना, धनुबाईंच्या बाजूने अमळनेरहून आलेला धाकटा भाऊ, आणि मधे उदेसिंग, तापीतून नुकताच निघालेला, ओला. जातीतले कोणी आले नाही. हिलाल सकाळीच कामासाठी शहाद्याला गेला. रविवारी शहाद्यात कसले काम, कोण जाणे. मी विचारले नाही. अक्षता पडताना दाराकडे दोनदा नजर गेली, एवढेच.

घंटा समोरच होती. धनुबाईंनी वाजवली. मी नाही. पण आवाज बरा आहे तिचा.

सुपडूनानांच्या संघाचे जाणे रद्द झाले. घाटावरच्या केदारेश्वराला अभिषेक केला तरी तेच पुण्य मिळते, असे त्यांना आढळून आले आहे. गुडघ्यांनाही तेच सोयीचे. उदेसिंग म्हणाला, दोघांना घेऊन जाईन, दहा गुडघ्यांपेक्षा चार बरे.

१४ मे

गाडीत लिहितो, अक्षर हलते आहे. नंदुरबारला उन्हात फलाटावर बसलो होतो. वळकटी, काठ्या, रंजनाने दिलेला दशम्यांचा डबा. उदेसिंग घरी जायचे म्हणून पोरासारखा नाचत होता.

गाडी यायच्या आधी हिलाल दिसला. मला वाटले, आपल्यासाठी आला. पण नाही. म्हणाला, सरकीच्या पोत्यांची चौकशी करायला आलो. तेही मला नाही, धनुबाईंना म्हणाला. माझ्याशी एक शब्द नाही. मग गाडी लागली तशी त्याने आमची वळकटी उचलली, आत नेली, फळीवर चढवली, पट्टा दोनदा ओढून पाहिला. खाली उतरून खिडकीशी आला आणि धनुबाईंनाच सांगू लागला, "चढवर त्यास्ले बोलू देऊ नका. बोलनात की दम लागस. अन् दम लागना हाई सांगतस नई. डावा गुडघाले रातले तेल लागस."

"माले म्हाईत शे," धनुबाई म्हणाल्या.

"तुमले म्हाईत व्हईच," तो म्हणाला. मग पाण्याची सुरई खिडकीतून आत दिली. "अन् तुम्ही बी जपा."

मी म्हटले, हिलाल, केळीला पाणी वेळेवर दे. त्याने नुसती मान हलवली.

गाडी सुटली. वळणापर्यंत मी बाहेर बघत होतो. तो फलाटावर तसाच उभा, कपाळावर हात धरून. पोत्यांची चौकशी मालधक्क्यावर करायची असते, फलाटावर नाही; एवढी वर्षे कापसाचा धंदा केला तरी पोराला हे कळू नये! मी धनुबाईंना तसे म्हटले. त्या पदराने डोळे पुसत हसल्या. इंजिनाचा कोळसा गेला असावा.

पोरगा अजून रागावलेलाच आहे.